एकशे पस्तीस माणसं आणि दहा लाखांची घबराट

न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना ही जागा वेगळी सांगायला नको. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनापासून गाडीने जेमतेम पाच-सात मिनिटांवर ग्रोव्हर्स मिलचं तळं आहे आणि तळ्याकाठी व्हॅन नेस्ट पार्क. वेस्ट विंडसर, प्लेन्सबरोची आपली मंडळी संध्याकाळी तिकडे फिरायला जातात, भारतातून आलेल्या आईवडिलांना बाकावर बसवतात, पोरांना बदकं दाखवतात. तिथे एक ब्राँझचा स्मारकफलक आहे, १९८८ साली बसवलेला. त्यावर मंगळावरून आलेलं एक यंत्र आहे, मायक्रोफोनसमोर एक तरुण आहे आणि रेडिओभोवती जमलेलं, भेदरलेलं एक कुटुंब आहे. मी या भागात एकोणीस वर्षं राहते. त्यातली पहिली काही वर्षं तरी मी तो फलक न वाचताच त्याला टेकून बुटातला खडा काढत असे.

न्यू जर्सीबाहेरच्या वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्रीचे आठ. ऑर्सन वेल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या नटाच्या मंडळीने सीबीएस रेडिओवर एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ सालच्या कादंबरीचं नभोनाट्य केलं. इंग्लंडमधलं कथानक त्यांनी न्यू जर्सीत आणलं. संहिता लिहिणारे हॉवर्ड कॉख पुढे सांगत की नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली, ती ग्रोव्हर्स मिलवर पडली. नाटकाचा बराचसा भाग बातम्यांच्या रूपात होता. नाचाचं संगीत चालू आहे, मध्येच निवेदक संगीत थांबवतो, शेतात काहीतरी पडल्याचं सांगतो, मग त्यातून काहीतरी बाहेर येतं. हे नाटक आहे हे सुरुवातीला, मध्यंतरात आणि शेवटी सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी देशभर घबराट उडाल्याच्या बातम्या पहिल्या पानावर छापल्या, आणि तेव्हापासून ही गोष्ट "माध्यमं माणसाला कशी वेड लावतात" याचा दाखला म्हणून सांगितली जाते. तुम्हीही ती कुठे ना कुठे ऐकली असेल. एखाद्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून वाद झाला की कोणीतरी ती काढतंच.

या दाखल्याला शास्त्राचा आधार दिला तो एका पुस्तकाने. हॅडली कँट्रिल यांचं 'द इन्व्हेजन फ्रॉम मार्स', प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, १९४०. मुलीला कॉलेजात माध्यमांच्या संशोधनपद्धतींचा एक कोर्स होता, त्यासाठी तिने हे पुस्तक लायब्ररीतून आणलं आणि चार दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिने किती वाचलं मला माहीत नाही. मी मात्र सगळं वाचलं, आणि मग त्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे लिहिलं गेलं त्यातलंही हाती आलं तेवढं वाचलं. या पुस्तकावर दोन्ही बाजूंनी अन्याय झालाय असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

आधी पुस्तक कसं झालं ते पाहू. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर १९३७ पासून प्रिन्स्टनमध्ये रेडिओचा अभ्यास चालू होता. पॉल लाझार्सफेल्ड संचालक, कँट्रिल आणि सीबीएसचे फ्रँक स्टँटन सहसंचालक. असं मंडळ जमलेलं असताना मंगळवासी उतरले ते त्यांच्या दारापासून चार-पाच मैलांवर! संशोधकाचं नशीब म्हणतात ते हेच. काही दिवसांतच त्यांनी मुलाखती सुरू केल्या. एकूण १३५ माणसं, सगळी न्यू जर्सीतली. या १३५ पैकी शंभरावर माणसं निवडली होती ती मुळात घाबरली होती हे ठाऊक होतं म्हणूनच.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा ठेवला. कारण असला प्रताप मी स्वतः केलेला आहे. आमच्या इथल्या एका मंडळासाठी काही वर्षांपूर्वी मी एक पाहणी केली होती, 'आपली मुलं घरी मराठी बोलतात का?'. प्रश्नावली टाकली कुठे, तर मराठी शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर. उत्तरं आली एक्केचाळीस. त्यातल्या बहुतेकांची मुलं घरी मराठी बोलत होती. बोलणारच! रविवारी सकाळी मुलाला अंथरुणातून ओढून मराठी शाळेत नेणाऱ्या घरांनाच मी विचारलं होतं. गणेशोत्सवात स्टेजवरून तो टक्का मोठ्या आवाजात वाचला गेला, टाळ्या पडल्या, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आजही तो आकडा अधूनमधून माझ्या नावासकट माझ्याकडेच फॉरवर्ड होऊन येतो.

कँट्रिल माझ्यापेक्षा प्रामाणिक. आपला नमुना साऱ्या लोकसंख्येचा नाही, पैसा कमी आणि जागा जवळची म्हणून न्यू जर्सीच धरली, हे ते पुस्तकात सुरुवातीलाच सांगून टाकतात. पण सांगून टाकल्यावर विसरूनही जातात. पुढच्या प्रकरणांत त्याच १३५ जणांच्या टक्केवारीचे तक्ते येतात, आणि आकडा एकदा चौकटीत बसला की त्याच्यामागची कबुली कोण लक्षात ठेवतो? पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'पॅनिक' हा शब्द आहे. वाचणाऱ्याने घबराट गृहीत धरूनच पान उलटायचं.

दहा लाखांचा आकडा मात्र या १३५ जणांतून आलेला नाही, हे टीकाकार कधीकधी गाळतात. तो आला गॅलपच्या संस्थेने प्रक्षेपणानंतर सुमारे सहा आठवड्यांनी केलेल्या पाहणीतून. विचारलेल्यांपैकी १२ टक्के म्हणाले की आम्ही तो कार्यक्रम ऐकला. त्यावरून श्रोत्यांची संख्या फारच मोठी निघत होती, दुसऱ्या एका व्यापारी मोजणीवरून ती सुमारे ४० लाख होती, मग कँट्रिल यांनी मधला मार्ग काढून ६० लाख धरले. ऐकणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना ते बातमीपत्र वाटलं, म्हणजे सुमारे १७ लाख. त्यातले ७० टक्के घाबरले किंवा अस्वस्थ झाले, म्हणजे सुमारे १२ लाख. म्हणून 'निदान दहा लाख'.

गुणाकार बरोबर आहे. पण पहिल्या पायरीपाशीच जरा थांबा. सहा आठवडे देशभर वर्तमानपत्रांत, चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात एकाच कार्यक्रमाबद्दल बोललं जातंय, आणि मग दारावर कोणी येऊन विचारतं, तुम्ही तो ऐकलात का? आपल्याकडे १९८३ ची वर्ल्ड कप फायनल टीव्हीवर पाहिलेल्या माणसांची मोजदाद केली, तर तेव्हा देशात होते त्याहून जास्त टीव्ही निघतील. माणसं खोटं बोलत नाहीत. इतक्यांदा ऐकलेलं आपण पाहिलेलंच असावं असं त्यांना वाटू लागतं.

दुसरी पायरी त्याहून निसरडी. 'घाबरलो किंवा अस्वस्थ झालो' हे एकाच खणात. आता ऐका. त्या रात्री प्रिन्स्टनचे दोन भूशास्त्रज्ञ जवळपास उल्का पडली असं कळल्यावर ती शोधायला बाहेर पडले होते. वर्तमानपत्रांत ते छापूनही आलं. त्यांना कुठल्या खणात घालायचं? ते फसले, यात शंका नाही. ते घरातून बाहेर पडले, हेही खरं. पण ती घबराट होती का? भूशास्त्रज्ञाला अंगणात उल्का पडल्याचं कळलं तर त्याला दिवाळी वाटेल! तसंच, नवऱ्याला हाक मारून "अहो, जरा इकडे या, हे काय सांगतायत बघा" म्हणणारी बाई आणि गाडीत पोरं कोंबून पळणारा माणूस, हे दोघं १२ लाखांत शेजारी शेजारी उभे आहेत.

गेल्या काही वर्षांत या पुस्तकाची उलटतपासणी जोरात चालू आहे. जेफरसन पूली आणि मायकेल सोकोलो या दोन अभ्यासकांनी २०१३ साली, प्रक्षेपणाच्या पंचाहत्तरीला, घबराट ही मुळात दंतकथाच आहे असं मांडलं. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे सी. ई. हूपर कंपनीने त्याच रात्री ५००० घरांना फोन करून घेतलेली नोंद. वेल्सचं नाटक ऐकतोय असं सांगणारे निघाले फक्त २ टक्के. त्या वेळी देश ऐकत होता एनबीसीवरचा एडगर बर्गन. हा शब्दभ्रमकार. आपल्या पाध्यांचा जसा अर्धवटराव, तसा याचा चार्ली मॅकार्थी. बोलका बाहुला, तोही रेडिओवर, जिथे ओठ हलतात की नाही हे दिसतच नाही. अमेरिकन माणसाच्या भाबडेपणाचा दाखलाच हवा असेल तर मी हा देईन.

मग घबराट आली कुठून? पूली आणि सोकोलो म्हणतात, वर्तमानपत्रांतून. रेडिओने त्यांच्या जाहिराती पळवल्या होत्या, रेडिओ बेजबाबदार आहे हे दाखवायची ही आयती संधी होती. वाचताना पटतं. पण हा हेतूचा अंदाज झाला. शेजाऱ्याचं आपल्याशी भांडण आहे एवढ्यावरून त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खोटी ठरत नाही.

आणि ते २ टक्के? तेही तपासायला हवेत ना, कँट्रिलना लावली तीच फूटपट्टी लावून. १९३८ साली अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक घरांत टेलिफोनच नव्हता. त्या घरांत काय ऐकलं जात होतं हे हूपरला कळायला मार्ग नव्हता, आणि कमी शिकलेल्या श्रोत्यांना ते बातमीपत्र वाटण्याची शक्यता जास्त होती, हे कँट्रिल यांच्याच पुस्तकातले आकडे सांगतात. पुन्हा, बर्गनच्या कार्यक्रमात गाणं लागलं की लोक बटण फिरवून दुसरीकडे जायचे आणि नाटकाच्या मध्यात येऊन पडायचे, असंही नेहमी सांगितलं जातं. आठ वाजून पाच मिनिटांनी फोन उचललेल्या माणसाचं उत्तर सव्वाआठला लागू पडेलच असं नाही. कितीजणांनी असं केलं हे कोणी मोजलेलं नाही, पण मग २ टक्क्यांवर इतका भारही टाकता येत नाही. ज्यांची उशिराने लावलेल्या रेडिओमुळे फसगत झाली, नेमके तेच या मोजणीतून निसटण्याची शक्यता जास्त.

२०१५ साली ए. ब्रॅड श्वार्ट्झ यांनी 'ब्रॉडकास्ट हिस्टेरिया'मध्ये तिसरी वाट धरली. त्यांनी वेल्सला आणि सरकारच्या दूरसंचार आयोगाला त्या दिवसांत आलेली सुमारे दोन हजार पत्रं वाचली. बरीच पत्रं चक्क कौतुकाची आहेत. काही माणसं खरोखर घाबरली होती, तेही त्यात दिसतं. पत्र लिहिणारा माणूस म्हणजे सर्वसाधारण माणूस नव्हे, हा आक्षेप इथेही आहेच. पण निदान ती पत्रं त्या आठवड्यातली आहेत आणि कोणी प्रश्न न विचारता लिहिलेली आहेत. तिन्ही पुस्तकं-लेख शेजारी ठेवले तर मला श्वार्ट्झ यांचं चित्र सर्वांत विश्वासार्ह वाटतं: तुरळक ठिकाणी खरी भीती, आणि देशभर त्या भीतीची चर्चा.

इथवर आलात तर तुम्ही म्हणाल, मग कँट्रिलचं पुस्तक रद्दीत टाकायचं का? अजिबात नाही, आणि माझं खरं भांडण इथे आहे. 'किती माणसं घाबरली' हे सांगायला १३५ मुलाखती कुचकामी आहेत. पण 'घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं' हे विचारायचं तर घाबरलेल्या माणसाकडेच जायला हवं. तापाचा अभ्यास करणारा वैद्य तापकऱ्याच्याच खाटेशी बसतो. गावात ताप कितीजणांना आलाय हे त्याला विचारू नये, एवढंच.

आणि त्या मुलाखतींत जे सापडलं ते सोनं आहे. पुष्कळ माणसांनी आपापल्या परीने खातरजमा केली होती. कोणी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली, तर वाटलं, लोक पळायला लागले. दुसऱ्याला रस्ता मोकळा दिसला, तर त्याला वाटलं, पुढचे रस्ते उद्ध्वस्त झाले म्हणून गाड्या येत नाहीत. तिसऱ्याला सगळं नेहमीसारखं दिसलं, तर संकट अजून आपल्या भागात पोचलेलं नाही, असं त्याने ठरवलं. तिघांनी तपासलं, आणि जे आधी मानलं होतं तेच तिघांना दिसलं. उलट काहीजणांनी नुसतं दुसरं स्टेशन लावलं, किंवा वर्तमानपत्रातलं कार्यक्रमांचं पान उघडून पाहिलं, आणि ते हसत झोपायला गेले. तपासणं आणि तपासणं यांत हा फरक आहे. एकाने ज्यावर संशय आहे त्याच गोष्टीच्या चष्म्यातून बाहेर पाहिलं, दुसऱ्याने तिच्याशी संबंध नसलेली साक्ष शोधली. हा फरक कुठल्याही टक्केवारीत सापडला नसता. त्यासाठी माणसासमोर बसून "बरं, मग तुम्ही काय केलंत?" असं पुन्हा पुन्हा विचारायला लागतं.

असं विचारणाऱ्यांत हर्टा हर्झॉग होत्या. व्हिएन्नाहून आलेल्या, मुलाखतीच्या कलेत मुरलेल्या. सुरुवातीच्या मुलाखती घेऊन त्यांनी नोव्हेंबर १९३८ मध्येच टिपण लिहिलं होतं, लोकांनी विश्वास का ठेवला यावर. पुढे रेडिओवरच्या रोजच्या मालिका बायका का ऐकतात यावरचं त्यांचं काम गाजलं. इतर लोक त्या बायकांना हसत होते, तेव्हा या त्यांच्याशी बोलत होत्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र कँट्रिलचं नाव, आणि खाली 'हेझल गोडे आणि हर्टा हर्झॉग यांच्या सहाय्याने'. मला तो 'सहाय्याने' शब्द वाचून आपल्याकडचे हळदीकुंकवाचे फोटो आठवले. मधे अध्यक्ष, स्वयंपाक केलेल्या बायका कोपऱ्यात.

कँट्रिल यांनी आणखी एक गोष्ट बरोबर पकडली होती. त्याआधीच्या सप्टेंबरात म्युनिकचं प्रकरण झालं होतं. संगीत तोडून युद्धाची बातमी सांगणारा रेडिओ लोकांच्या कानांना सवयीचा झाला होता. भीती मंगळाची नव्हती, काहींनी तर हल्ला जर्मनांचाच असणार असं मनाशी धरलं होतं. म्हणजे ऐकणारा कोरी पाटी नव्हता. हे १९४० साली लिहून ठेवणाऱ्या पुस्तकाचा दाखला, रेडिओ ऐकून माणसं मेंढरांसारखी पळाली हे सांगायला दिला जातो! तो देणाऱ्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं असं म्हणायचं धाडस मी करते.

पुस्तक परत करायच्या आधी मी एक उद्योग केला. तुम्हालाही २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवत असेल. गुरुवार होता. गणपती दूध पितो म्हणून दिल्लीपासून मुंबईपर्यंत, आणि दिवस संपायच्या आत इंग्लंड-अमेरिकेतल्या देवळांबाहेरही रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचं कारण लगेच सांगितलं होतं. मी तेव्हा डोंबिवलीत शाळेत होते आणि मावशीबरोबर स्टीलची वाटी घेऊन रांगेत उभी होते. आता मी ओळखीच्या चौदाजणांना फोन केले. 'तेव्हा तुम्हाला खरं वाटलं होतं का?' असं पहिल्या चौघांना थेट विचारलं, चौघंही नाही म्हणाले. एकाने तर मला झापलं. पाचव्यापासून प्रश्न बदलला: 'त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगाल?' मग गोष्टी यायला लागल्या. ऑफिसातून लवकर निघालेला साहेब, रांगेत झालेली भांडणं, घरच्या पितळी गणपतीवर दार लावून केलेला प्रयोग. दहापैकी नऊजण त्या दिवशी चमचा घेऊन कुठल्या ना कुठल्या मूर्तीसमोर उभे होते. त्यातल्या दोघांनी बोलण्याच्या ओघात, नकळत, 'प्यायला' असा शब्द वापरला.

शेवटचा फोन मावशीला. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे.

"मावशी, पण तुला तेव्हा खरं वाटलं होतं का गं?"

"अगं, वाटायचं काय त्यात? सगळे चालले होते, आणि दूध घरात होतंच."

वहीत मी दोन खण आखले होते, 'विश्वास ठेवला' आणि 'नाही ठेवला'. मावशीचं उत्तर अजून खणांच्या बाहेर, समासात लिहिलेलं आहे.